अकराव्या धड्यात काय आहे

४ फेब्रुवारी

धाकटे,

हात कसा आहे? बोटं वाकतील असं डॉक्टर म्हणाले, एवढं भाऊजींकडून कळलं. पूर्ण वाकतील की अर्धी, हे विचारलं तर म्हणतात, "वहिनी, मी एवढ्या खोलात नाही गेलो." स्वतःच्या बायकोच्या बोटांच्या खोलात नाही गेले, तर कशाच्या जाणार? म्हणून शेवटी मीच कागद घेऊन बसले. रविवारी ते तुझ्याकडे येतात, त्यांच्या पिशवीत हे टाकते.

फोन करून थकले. तुझ्या बहिणीला केला की ती म्हणते, "झोपली आहे." सकाळी अकराला? पाचच्या ठोक्याला उठणारी बाई तू. सोळा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आपण, मला का कळत नाही? दवाखान्यातून घरी यायचं सोडून परस्पर बहिणीकडे गेलीस. शेजारीण रोज विचारते, "धाकटी कुठे?" मी सांगते, हवापालटाला गेलीय.

तुझा फोन माझ्याकडे आहे. हात भाजला त्या दिवशी कामावर तुझ्या कप्प्यात राहिला होता. भाऊजी म्हणाले, तुला तो डोळ्यांसमोर नको आहे. नको तर नको, मी एक दिवसाआड चार्ज करून ठेवते. काल त्यावर पुन्हा तो निरोप आला, "अभिनंदन! आपण सर्व वीस धडे यशस्वीरीत्या पूर्ण केले आहेत." त्या ॲपला काय कळतंय! मी तो पालथा घालून ठेवला.

कामावर तसं ठीक. तीन दवाखान्यांच्या चादरी धुवायला यायच्या त्या येतातच, कुणाचा हात भाजला म्हणून कमी होत नाहीत. इस्त्रीच्या नव्या रोलरवर तुझ्या जागी चष्मेवालीला उभी केलीय. ती चादरीचं टोक आत सरकवते आणि दोन पावलं मागे उडी मारते. मग चादर तिरकी जाते, घड्यांच्या टेबलावर ढीग साचतो आणि सगळ्या माझ्या नावाने खडे फोडतात. पाळीप्रमुख झाले ना मी, ऐकून घ्यायलाच आहे.

चौकशीचा अहवाल तुला टपालाने आला असेल. आता त्यात मी काय करणार? कंपनीच्या ॲपमध्ये तुझ्या नावापुढे वीसच्या वीस हिरव्या खुणा. त्यांनी लिहिलं, "प्रशिक्षण पूर्ण असूनही निष्काळजीपणा." कागदापुढे कुणाचं चालतं का? आणि खरं सांगू, अडकलेली चादर ओढायला फिरत्या रोलरखाली हात घालतात का गं? राग मानू नकोस. मी मेली फटकळ आहे, हे तुला नवीन नाही.

मलम वेळेवर लाव.

थोरली

११ फेब्रुवारी

धाकटे,

भाऊजींनी निरोप आणला. पत्र वाचलंस म्हणे, घडी घालून परत पाकिटात ठेवलंस, आणि एवढंच म्हणालीस, "जाऊबाईंना विचारा, अकराव्या धड्यात काय आहे?"

जाऊबाई! उंबरठा ओलांडून आलीस त्या दिवसापासून "ताई, ताई" करत मागे फिरलीस, आणि आता मी जाऊबाई झाले. ठीक आहे.

अकरावा धडा नव्या रोलरचा आहे. चादर अडकली तर काय करायचं, त्याचा. झालं समाधान?

तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. पण ऑगस्टमध्ये काय झालं होतं, ते आठव जरा. नवा रोलर आला आणि त्याच आठवड्यात साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येकीने आपापल्या फोनवर वीस धडे बघायचे, प्रत्येकाखालचे पाच प्रश्न सोडवायचे, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मशीनवरून उचलून छाटणीच्या खोलीत. छाटणीची खोली म्हणजे रक्तामुताच्या चादरी वेगळ्या करायच्या, दिवसभर नाकाला फडकं. कोण जाणार तिथे? सगळ्या घाबरल्या. गाणारी म्हणाली, स्क्रीनकडे बघून माझं डोकं उठतं. चष्मेवालीला धडा सुरू करायचं बटणच सापडेना. दोघीतिघींना ती पुस्तकी भाषा कळेना. मग मी काय केलं? आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या टेबलावर चौदा फोन ओळीने मांडले, एका वेळी चौदा धडे चालू केले आणि डबा खाता खाता सगळे संपवले. उत्तर चुकलं की लाल यायचं, दुसरं दाबायचं. तिसऱ्या फोनपर्यंत मला आकडेच पाठ झाले. दोन, एक, एक, तीन, दोन. पाढे म्हणावेत तसे. तुम्ही सगळ्या हसत होतात. गाणारीने त्या आकड्यांचं गाणं केलं होतं, विसरलीस? एकीलासुद्धा मशीन सोडावं लागलं नाही.

सगळ्या रांगेने माझ्याकडे आल्या होत्या, मी कुणाच्या घरी गेले नव्हते. करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, त्यातली गत. भल्यासाठी केलं, आणि आता मलाच कोर्टात उभी करतेस.

तुझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती यांनी दुरुस्त केली. एवढं कळवायचं होतं.

थोरली

१८ फेब्रुवारी

धाकटे,

अकराव्या धड्यात काय आहे, ते सांगते.

पत्र दिल्यावर आठवडाभर तुझा तो प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा घोंगावत राहिला. रोलरचा आहे, हे नावावरून कुणीही सांगेल. आत काय आहे? मला आठवेना. आठवेना काय, कधी बघितलाच नव्हता. चौदा फोन ओळीत लावले होते, आवाज बंद करून. मी खाली बघत होते ते आकड्यांकडे.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तुझा फोन घेतला, मोरीच्या दगडावर बसले आणि तो धडा लावला. चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे. सुरुवातीला एक माणूस नुसता हसत उभा राहतो, कशाला ते कळत नाही. मग रोलर दाखवतात, आपल्याकडे आहे तोच. मग चादर अडकते. तो लाल पट्टी दाबतो. इथपर्यंत जुन्या रोलरसारखंच. आणि मग, दोन मिनिटं पंचवीस सेकंदांवर, बाई बोलते, "आपत्कालीन पट्टी दाबल्यानंतर रोलर विरुद्ध दिशेने अर्धा फेरा पूर्ण करून स्थिरावतो. काटा शून्यावर आल्याखेरीज परिचालकाने हात आत नेऊ नये." आणि दिसतं, धाकटे. स्पष्ट दिसतं. रोलर थांबल्यासारखा होतो आणि मग उलटा येतो.

जुना जागच्या जागी थांबायचा. आपण सगळ्या काय करायचो? एका हाताने पट्टी, दुसऱ्या हाताने चादर, एकाच दमात. अकरा वर्षं तसंच केलं. तूही तेच केलंस.

तू तेव्हा हात पोटाशी धरून ओरडत होतीस, "पट्टी दाबली होती, ताई, मी पट्टी दाबली होती." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दाबली असतीस तर थांबला नसता का?" पाच महिन्यांत त्या रोलरने एकदाही चादर अडकवली नव्हती, आम्हाला काय ठाऊक तो उलटा येतो म्हणून? पण हे कारण झालं. ठाऊक असायला हवं होतं. पाचपैकी दुसरा प्रश्न नेमका तोच आहे. पट्टी दाबल्यावर काय होते? त्याचं उत्तर मी चौदा वेळा दाबलंय. एकदाही वाचलं नाही.

आता मागच्या पत्रातलं एक दुरुस्त करते. सगळ्या रांगेने आल्या, असं लिहिलं होतं मी. तू आली नव्हतीस. तू खिडकीपाशी पालथ्या पाटीवर बसून, एका कानात वायर घालून, चौथा धडा बघत होतीस. मागे जात होतीस, पुन्हा लावत होतीस, ओठ हलवत होतीस. मी आले आणि म्हणाले, "आण इकडे, तुला जमायला उद्या उजाडेल." तू म्हणालीस, "राहू दे ताई, मी करते सावकाश." मी ऐकलं नाही. तुझ्या हातातून घेतला. कानातली वायर निघाली तेव्हा तू "आई गं" म्हणालीस, तेही आठवतंय.

चौकशीच्या बाईंनी मला विचारलं होतं, "यांनी धडे स्वतः पाहिले होते ना?" तू तेव्हा दवाखान्यात होतीस. मी म्हणाले, "हो." खाली माझी सही आहे. ती तू अहवालात बघितली असशील.

लिहिलं एकदाचं.

थोरली

२५ फेब्रुवारी

धाकटे,

"हे मला का लिहिताय? माझं मला माहीत आहे. ज्यांनी विचारलं होतं त्यांना लिहा." भाऊजींनी शब्दन् शब्द पोहोचवला. एरवी कांदे आणायला सांगितले तर विसरतात.

बोलायला काय जातं गं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी लिहून दिलं की चौदा जणींच्या खुणा खोट्या ठरतील. मी गाणारीच्या कानावर घातलं, तर तिने हातच जोडले. म्हणाली, "झाकली मूठ राहू द्या. एकीचं झालं ते झालं, तेरा जणींना का बुडवता?" बाकीच्याही तिच्याच बाजूने. मी पाळीप्रमुखही राहणार नाही. अठरा वर्षांनी मिळालेलं पद, तुला माहीत आहे मी किती मिरवलं ते. मला भीती वाटते. सरळ सांगते, भीती वाटते.

म्हटलं, न लिहिता काही होतं का बघू. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना नव्या रोलरपाशी नेलं. चादर न घालता तो चालू केला आणि लाल पट्टी दाबली. थांबला. गाणारी म्हणाली, "बघा, थांबला की." तेवढ्यात तो अर्धा फेरा मागे आला. चष्मेवाली खाली फरशीवरच बसली. ती महिनाभर तिथे उभी आहे, मी उभी केली आहे. तिला मी म्हणत होते, मागे उड्या काय मारतेस, नीट उभी राहा.

मंगळवारपासून एकेकीचा फोन तिच्याच हातात दिला. "अकरावा लावा आणि बघा." मी समोर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हसू नकोस. चष्मेवाली चुकीचं बटण दाबते तेव्हा माझे हात आपोआप निघतात, म्हणून दाबून बसते. मुंग्या येतात. भाषा कळत नाही म्हणाल्या की मी सांगते, "पट्टी दाबली की मेला अर्धा फेरा मागे येतो. काटा शून्यावर दिसेपर्यंत हात पाठीमागे." एवढं कळतं सगळ्यांना. चार मिनिटांच्या धड्याला चष्मेवालीने पस्तीस मिनिटं घेतली. पण परवा ती मला म्हणाली, "तुम्ही तेव्हा मला बघू दिला असता, तर मी धाकटीला सांगितलं असतं." साधं बोलली, टोमणा नव्हता. मला जेवण गेलं नाही.

उरलेले एकोणीस धडे अजून कुणी बघितलेले नाहीत. त्यांत काय काय आहे, देव जाणे.

थोरली

४ मार्च

धाकटे,

सोमवारीच लिहून दिलं. तुला नक्कल पाठवते, म्हणजे तुला वाटायला नको की मी गोल गोल लिहिलं.

"मा. व्यवस्थापक यांस. माझ्या पाळीतील तेरा कामगारांचे आणि माझे स्वतःचे वीस धडे मी एकटीने, न बघता, पूर्ण केले. माझ्या धाकट्या जावेने धडे स्वतः पाहायला घेतले होते, मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. चौकशीत मी खोटं सांगितलं. तिने पट्टी दाबली होती. रोलर उलटा येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चूक तिची नाही, माझी आहे."

साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, हे तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, तोंडी मी आधी एकदा सांगून बसलेय, आता लेखी असू द्या.

मग चौकशीच्या बाई पुन्हा आल्या. आम्हा प्रत्येकीला आत बोलावून कुठल्याही धड्यातलं काहीबाही विचारलं. अकरावा सगळ्यांना आला. बाकी बोंब. सुपरवायझरलाही नवव्यातलं येईना. त्याचे धडे कुणी केले होते ते त्याचं त्याला माहीत, मी नव्हते केले.

आता निकाल. सगळ्यांच्या खुणा पुसल्या, सुपरवायझरच्याही. नवा रोलर बंद, प्रत्येकीचे वीस धडे पुन्हा होईपर्यंत. त्यासाठी रोज एक तास कामाच्या वेळेतला दिलाय, आणि प्रश्न बाई स्वतः समोर बसून विचारणार. कुणाला काढलं नाही. तुझ्या अहवालातला "निष्काळजीपणा" खोडला, नवा कागद तुला टपालाने येईल, जपून ठेव. हात बरा झाला की तुला घड्यांच्या टेबलावर घेतील, पुढे रोलरवर. अट एकच, वीस धडे तुझे तू करायचेस.

मला छाटणीच्या खोलीत टाकलंय. वास येतो, पण होते सवय. गाणारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी नाकाला बांधायला स्वतःचा धुतलेला रुमाल घेऊन आली.

तुझा फोन या पत्राबरोबर पाठवतेय. काचेला तडा होता तो तसाच आहे, चार्ज पूर्ण केलाय. ॲप उघडून बघ, तुझ्या नावापुढे शून्य आहे. वीसपैकी शून्य. एकाही धड्याला मी हात लावलेला नाही.

माफ कर, असं लिहिणार होते. तीनदा लिहून खोडलं. तुझी बोटं त्याने वाकणार नाहीत. पण मला फार वाईट वाटतं गं, फार. रात्रंदिवस वाटतं.

थोरली

१५ मार्च

धाकटे,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मी उशांच्या खोळींच्या ढिगात होते. हातमोजे काढून उचलेपर्यंत बंद पडेल असं वाटलं. भाऊजी तुझ्याकडे आलेत हे विसरले, त्यांचा नंबर दिसला म्हणून म्हटलं, "बोला भाऊजी, भाजी काय आणू?" आणि पलीकडून तुझा आवाज. दोन महिन्यांनी. ना कशी आहेस, ना काय चाललंय.

"अकरावा लावलाय माझ्या फोनवर. डाव्या हाताने. दुसरा प्रश्न अडलाय. पट्टी दाबल्यावर रोलर काय करतो?"

धाकटे, उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. नुसतं जिभेवर नाही, दातांत आलं होतं. सगळा जन्म मी दुसऱ्याच्या तोंडातला घास चावून दिलाय, मला गप्प राहणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. छाटणीवाली माझ्याकडे बघत राहिली, हिला झटका आला की काय म्हणून. मी एक हात ढिगात खुपसला आणि म्हणाले, "धडा परत बघ. चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे."

तू फोन ठेवला नाहीस. मग पलीकडे तो धडा सुरू झाला, त्या पुस्तकी बाईचा आवाज आला. तू तिथे ऐकत होतीस, मी इथे ऐकत होते. दोन मिनिटं पंचवीस सेकंदांवर मी डोळे मिटले. तूही मिटले असशील. धडा संपला, तू काहीतरी दाबलंस, आणि ती बरोबर उत्तराची घंटी वाजली.

"जमलं, ताई," म्हणालीस, आणि ठेवलास.

मी खोळी मोजायला घेतल्या आणि चाळिशीत थांबले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अगं, जगात कुणालाही माहीत नसेल एवढं त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या दोन बोटांना माहीत आहे. तुला ते माझ्याकडून नकोच होतं. मग मी त्या घाणेरड्या ढिगावरच बसून रडले, मोठ्याने. छाटणीवालीने पाणी आणून दिलं. म्हणाली, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, नाही, जाऊ पास झाली.

भाऊजी सांगत होते, पुढच्या महिन्यात यायचं म्हणतेस. ये. तुझी खोली झाडून ठेवलीय, खिडकी आता लागते. एकोणीस धडे उरलेत तुझे, माझे सतरा. सातवा मला काही केल्या कळत नाहीये, साबणाच्या प्रमाणाचा आहे. तू पुढे गेलीस तर मला सांगू नकोस. शेजारी बस फक्त.

तुझी ताई